स्पोर्ट्ससेंटर कसं बघावं: हार्टफर्डला नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातलं हार्टफर्ड हे इन्शुरन्स कंपन्यांचं गाव, त्यामुळे आपल्याकडची नवी मंडळी इथे सतत येत असतात. कुणी हिंजवडीतून थेट येतं, कुणी न्यू जर्सीत दोन प्रोजेक्टं उरकून. काम त्यांना येतं, मीटिंगमध्ये बोलताही येतं. अडतं ते मीटिंग सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांत. सगळे कॉलवर जमेपर्यंत कुणीतरी कालच्या गेमचा विषय काढतं, बाकीचे हसतात, आणि आपला माणूस म्यूटच्या बटणाकडे बघत बसतो. सप्टेंबर उजाडला की कुणीतरी मला विचारतंच, "ताई, हे यांचं फुटबॉल शिकायचं कुठून?" माझं उत्तर ठरलेलं आहे. फुटबॉल शिकायला जाऊ नका. रोज वीस मिनिटं स्पोर्ट्ससेंटर बघा, नियम मागाहून येतात. फक्त ते कसं बघायचं हे कुणीतरी सांगावं लागतं, कारण नुसतं लावून बसलात तर पहिला आठवडा ओ की ठो कळणार नाही.

ओळख थोडक्यात करून देते. स्पोर्ट्ससेंटर म्हणजे ईएसपीएनवरच्या रोजच्या खेळाच्या बातम्या. ७ सप्टेंबर १९७९ ला संध्याकाळी सात वाजता ही वाहिनी सुरू झाली, आणि तिच्यावर दिसलेला पहिला कार्यक्रम हाच. तेव्हा इमारतसुद्धा पुरी झालेली नव्हती. पहिल्या दिवशी बातम्या संपल्यावर दाखवायला सॉफ्टबॉलचा सामना होता, यावरून काय ते समजा. पुढे हे बातमीपत्र दिवसातून अनेकदा लागायला लागलं, आणि १३ सप्टेंबर २०१२ ला त्याचा ५०,०००वा भाग झाला.

हे सगळं घडतं ते आपल्या शेजारच्या ब्रिस्टल गावात, हार्टफर्डहून गाडीने साधारण अर्ध्या तासावर. बिल रासमुसेन नावाचा गृहस्थ इथल्या व्हेलर्स या आइस हॉकी संघात नोकरीला होता. १९७८ मध्ये नोकरी गेली. कनेक्टिकटमधले खेळ केबलवर दाखवावेत म्हणून त्याने उपग्रहाच्या भाड्याची चौकशी केली, तर रोजचे पाच तास घेण्यापेक्षा अख्खे चोवीस तास घेणं स्वस्त पडत होतं. मग घेतले चोवीस तास. आता एवढा वेळ दाखवायचं काय, याचा खल बापलेकांनी आय-८४ वर ट्रॅफिकमध्ये अडकून केला. रोज सकाळी त्याच ८४ वर तुम्हीही अडकणार आहात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कधी आणि कशावर

रात्री अकराचा भाग नव्या माणसाला मोहात पाडतो, पण तो अपुरा असतो. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, सिअ‍ॅटल इथले गेम आपल्या घड्याळाने रात्री दहाच्या सुमारास सुरू होतात आणि संपायला साडेबारा-एक होतो. म्हणून त्यानंतरचे भाग असतात आणि म्हणूनच २००९ मध्ये त्यांनी रात्री उशिराच्या भागासाठी लॉस एंजेलिसलाही स्टुडिओ उभारला. कामावर जाणाऱ्याने त्या फंदात पडू नये. सकाळचा भाग बघा. रात्रीचा सगळा हिशेब त्यात पुरा झालेला असतो. २००८ पर्यंत सकाळी रात्रीचाच भाग पुन:पुन्हा दाखवायचे, त्यानंतर दिवसाही थेट सुरू केलं. हंगामाप्रमाणे वेळा मागेपुढे होतात, तेव्हा एकदा वेळापत्रक बघून घ्या. चहा उकळेपर्यंत आणि डबा भरेपर्यंत टीव्ही चालू राहिला तरी पुरतं.

पैशाचं म्हणाल तर पूर्वी ईएसपीएनसाठी केबलचं किंवा तसलं मोठं पॅकेज घ्यावंच लागायचं. ऑगस्ट २०२५ पासून नुसतं ईएसपीएन थेट घेता येतं, सुरुवातीचा दर महिन्याला २९.९९ डॉलर. नव्याने आलेल्याने लगेच घेऊ नये असं माझं मत. गादी, हीटर, गाडीचा इन्शुरन्स ही यादी आधी संपू दे. अपार्टमेंटच्या जिममध्ये ट्रेडमिलसमोर जो टीव्ही टांगलेला असतो त्यावर बहुतेक वेळा हेच लागलेलं असतं. न्हाव्याकडे, टायरच्या दुकानात, विमानतळावर तेच. आणि या सगळ्या ठिकाणी आवाज बंद असतो, जे शिकाऊ माणसाच्या पथ्यावरच पडतं.

पहिला आठवडा आवाज बंद

आवाज चालू ठेवलात तर अँकर इतक्या वेगाने आणि इतक्या आतल्या गोष्टी बोलतात की तुम्ही इंग्रजीतच अडकता. म्हणून पहिला आठवडा फक्त वाचायचं. पडद्याच्या खालची पट्टी आणि मोठे तक्ते, एवढंच.

पट्टीवर आधी खेळाचं नाव येतं, मग सामने. आपल्याला सवय असते यजमान संघाचं नाव आधी वाचायची. इथे उलट आहे. पाहुणा संघ आधी किंवा वर, यजमान नंतर किंवा खाली. बेसबॉलमध्ये पाहुणे आधी बॅटिंग करतात, तेव्हा तिथे तर हा क्रम चपखलच बसतो. 'यांकीज ३, रेड सॉक्स ४, एफ/१०' असं दिसलं तर सामना बॉस्टनमध्ये झाला, बॉस्टन जिंकलं, आणि नऊ इनिंगमध्ये बरोबरी झाल्यामुळे दहावी खेळावी लागली. 'एफ' म्हणजे संपला. 'टॉप सेव्हन्थ' म्हणजे सातव्या इनिंगचा पहिला अर्धा भाग, पाहुणे बॅटिंग करतायत. 'बॉटम' म्हणजे यजमान.

संघाच्या नावापुढे कंसात आकडे असतात, ते जय-पराजयाचे. हे आकडे खेळाप्रमाणे वाचायला लागतात. एनएफएल म्हणजे फुटबॉल, तिथे मोसमात प्रत्येक संघाचे अवघे १७ सामने. त्यामुळे ०-३ झालं की गावावर सुतक येतं, प्रशिक्षकाची नोकरी जाणार का याची चर्चा सुरू होते. बेसबॉलमध्ये १६२ सामने असतात. तिथे उत्तम संघसुद्धा मोसमात साठेक सामने सहज हरतो, एका हरण्याचं कुणाला काही वाटत नाही. बास्केटबॉल आणि आइस हॉकी मधोमध, ८२ सामने. ऑफिसात एखाद्याचा संघ हरला तर चेहरा कितपत पाडायचा हे या आकड्यावर ठरवा. जूनमधल्या बेसबॉलच्या हारीबद्दल गंभीर होऊन सांत्वन केलंत तर समोरचा तुमच्याकडे बघत राहील.

फुटबॉलचा स्कोअर वाचायची एक युक्ती आहे. टचडाउनचे, म्हणजे बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की, सहा, त्यानंतरच्या किकचा एक, म्हणून बहुतेक वेळा सात. फील्ड गोलचे, म्हणजे लाथेने खांबांमधून घातला की, तीन. त्यामुळे २४-१७ म्हणजे तीन टचडाउन आणि एक फील्ड गोल विरुद्ध दोन टचडाउन आणि एक फील्ड गोल, असं बहुतेकदा नुसत्या आकड्यावरून सांगता येतं. टचडाउननंतर किकऐवजी पुन्हा घुसायचा प्रयत्न करून दोन गुणही घेता येतात, म्हणजे एका चढाईत जास्तीत जास्त आठ. फरक आठ किंवा त्याहून कमी असेल तर सामना शेवटपर्यंत जिवंत होता असं समजा. "वन-स्कोअर गेम होता ना?" एवढं विचारलंत तरी समोरच्याला वाटतं तुम्ही बघितलाय.

फुटबॉलचा मूळ नियमही यातच सांगून टाकते, कारण तोच एक खरा लागतो. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न. पडद्यावर 'थर्ड अँड ८' दिसलं की तिसरा प्रयत्न आहे आणि अजून आठ यार्ड हवेत. चौथ्या प्रयत्नाला संघ बहुधा लाथ मारून बॉल लांब घालवतो. तसं न करता जो खेळतो, त्याच्या धाडसाचं किंवा मूर्खपणाचं दुसऱ्या दिवशी दळण दळलं जातं.

हायलाइट वाचायचं

दुसऱ्या आठवड्यात आवाज चालू करा, पण सबटायटलं ठेवा. नावांसाठी ती लागतातच. बॉस्टनचा बास्केटबॉल संघ 'सेल्टिक्स', 'केल्टिक्स' म्हणू नका. ग्रीन बे या फुटबॉल संघाचा जुना क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, वाचताना 'फाव्हरे' दिसतो, म्हणतात 'फार्व्ह'. ड्यूक विद्यापीठाचे निवृत्त प्रशिक्षक शशेव्स्की यांच्या नावाचं स्पेलिंग 'के'पासून सुरू होतं, ते वाचून उच्चारायचा प्रयत्नच करू नका. कान आणि डोळे दोन्ही लावले की महिन्याभरात ही नावं बसतात.

आता हायलाइट. तीन तासांचा सामना एका मिनिटात सांगायचा, हा या कार्यक्रमाचा खरा धंदा. ब्रिस्टलमध्ये कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली पूर्ण सामना बघतात, त्यातले मोजके क्षण कापतात, आणि एका कागदावर क्रमाने लिहून देतात: कितवी इनिंग, कोण, काय केलं, त्यानंतर स्कोअर किती. याला ते शॉट शीट म्हणतात. अँकरने तो सामना पाहिलेला असेलच असं नाही. कधी कधी कागद हातात पडतो आणि पुढच्या मिनिटाला त्याला चित्रावर बोलायचं असतं. ते लक्षात ठेवून बघितलं की या लोकांची करामत कळते.

हायलाइटची घडण ठरलेली असते. पहिल्या चित्रात, सामना सुरू व्हायच्या आधी, ज्याचा चेहरा जवळून दाखवतात तो बहुतेक शेवटी काहीतरी करणार असतो. चांगलं किंवा वाईट. मधल्या दोन-तीन तुकड्यांत आघाडी इकडून तिकडे जाते. मग अँकर म्हणतो 'फोर्थ क्वार्टर' किंवा 'बॉटम नाइन', आणि तिथे कान टवकारायचे, कारण उद्या ऑफिसात जो क्षण चघळला जाणार तो हाच.

एक उदाहरण घेऊन दाखवते. बेसबॉलच्या चित्रात कोपऱ्यात स्कोअरची छोटी चौकट असते. तिच्यात तीन छोटे चौकोन तिरके, पतंगासारखे. ते तीन बेस. जो रंगलेला, त्या बेसवर माणूस उभा आहे. शेजारी दोन आकडे, समजा ३-२. पहिला बॉल, दुसरा स्ट्राइक. इथे 'बॉल' म्हणजे बॅटरने सोडलेली बाहेरची फेक, 'स्ट्राइक' म्हणजे त्याला न साधलेली किंवा नेमक्या जागेतून गेलेली. चार बॉल झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो, तीन स्ट्राइक झाले की आउट. म्हणजे ३-२ ला पुढच्या फेकीवर बहुधा काहीतरी निकाल लागणार. आउटचे ठिपके दोन रंगलेले, म्हणजे आणखी एक गेला की खेळ खलास. स्कोअर ४-३, बॉटम नाइन्थ, यजमान एका रनाने मागे, मधला चौकोन रंगलेला. आता बॅटरने बॉल नुसता मैदानात मोकळ्या जागी टाकला तर दुसऱ्या बेसवरचा धावत येऊन बरोबरी करणार. थेट प्रेक्षकांत मारला, म्हणजे होम रन, तर दोन रन, ५-४, आणि खेळ तिथल्या तिथे बंद. याला वॉक-ऑफ म्हणतात. बोलर, म्हणजे यांचा पिचर, मान खाली घालून चालू लागतो आणि मारणाऱ्याच्या अंगावर सहकारी बादलीभर सरबत ओततात. हे सगळं त्या चौकटीत आधीच लिहिलेलं होतं. ती वाचता आली की बेसबॉलमधला संथपणा जातो.

आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, उन्हाळ्यात सहा महिने येतात. एसटीत कंट्रोलर होते, त्यामुळे वेळापत्रक आणि तक्ते हा त्यांचा जीव की प्राण. पहाटे पाचला उठून स्पोर्ट्ससेंटर लावतात आणि जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर कोण कितव्या नंबरवर आहे ते मांडतात. 'गेम्स बिहाइंड' हा रकाना मला त्यांनी समजावला: पहिल्या नंबरच्या संघापासून आपण किती सामने मागे, त्याचा हिशेब. रोजच्या टॉप टेनमध्ये, म्हणजे दिवसातल्या दहा उत्तम क्षणांत, दिसणाऱ्या फिल्डरांबद्दल मात्र त्यांचं मत अजून बदललेलं नाही. "हातात एवढं मोठं गाठोडं बांधून कॅच घेतात आणि वर टॉप टेनमध्ये दाखवतात! एकनाथ सोलकरला बघितलं नाही यांनी." आईवडील इकडे आले की दुपार कशी घालवायची हा प्रश्न असतोच. त्यांना हा कार्यक्रम लावून द्या. रोज तेच अँकर, तेच संघ, आणि मालिकेपेक्षा कमी रडारड.

हायलाइट संपलं की एक पान भरून आकडे येतात. त्यातली एकच ओळ वाचा. बॅटरपुढे '३-४, एचआर, ४ आरबीआय' म्हणजे चारदा खेळायला आला, तीनदा यशस्वी, एक होम रन, आणि त्याच्या मारामुळे चार रन आले. पिचरपुढे 'के' हे अक्षर म्हणजे किती जणांना स्ट्राइकवर बाद केलं. बास्केटबॉलमध्ये गुण, रिबाउंड (नेम चुकून परत आलेला बॉल पकडणं) आणि असिस्ट (ज्यावर गुण झाला तो पास), तिन्ही दोन आकडी झाले की ट्रिपल-डबल. क्वार्टरबॅकपुढे '२४-३१' असेल तर ३१ वेळा फेकला, २४ वेळा आपल्याच माणसाने झेलला. या आकड्यांपलीकडे जायची पहिल्या वर्षी गरज नाही.

अँकर मंडळी

इथले लोक स्पोर्ट्ससेंटरच्या अँकरांबद्दल आपण जुन्या रेडिओ निवेदकांबद्दल बोलतो तसे बोलतात. पन्नाशीच्या सहकाऱ्याबरोबर बसलात तर ही नावं हमखास निघतील. क्रिस बर्मन १९७९ पासूनच आहे, खेळाडूंच्या नावांवर कोट्या करून टोपणनावं पाडणारा. डॅन पॅट्रिक आणि कीथ ओल्बरमन ही नव्वदच्या दशकातली रात्री अकराची जोडी, तिरकस आणि हजरजबाबी. लिंडा कोन १९९२ मध्ये आली आणि तिच्या भागांची संख्या पाच हजारांवर गेली. २०१५ पासून अनेक वर्षं मध्यरात्रीचा भाग स्कॉट व्हॅन पेल्टने एकट्याने सांभाळला.

माझा आवडता स्टुअर्ट स्कॉट. १९९३ मध्ये तो ईएसपीएनमध्ये आला आणि काळ्या वस्त्यांतली, हिप-हॉपमधली बोली थेट बातम्यांत आणली. त्याचं 'बू-या' आजही लोक ओरडतात. शांत डोक्याच्या खेळाडूला तो उशीच्या दुसऱ्या बाजूइतका गार म्हणायचा. ही बातम्यांची भाषा नव्हे म्हणून प्रेक्षकांकडून त्याला संतापाची पत्रंही आली. तो बदलला नाही. कॅन्सरने ४ जानेवारी २०१५ ला, ४९ व्या वर्षी गेला. त्याआधी जुलै २०१४ मध्ये पुरस्कार घेताना त्याने केलेलं भाषण यूट्यूबवर आहे. बाकी काही नाही बघितलं तरी ते बघा.

आणि 'धिस इज स्पोर्ट्ससेंटर' या जाहिराती. १९९५ पासून सुरू झाल्या. ब्रिस्टलच्या ऑफिसात मोठमोठे खेळाडू आणि संघांचे झूल घातलेले मॅस्कॉट साध्या कारकुनांसारखे वावरतात, कॉपी मशीनशी झटतात, असा सगळा मामला. अर्ध्या मिनिटाच्या आहेत. रविवारी दुपारी एका बैठकीत पंचवीस-तीस बघून टाका. चेहरे ओळखायला याहून सोपा मार्ग नाही.

कोणत्या महिन्यात काय

सप्टेंबर ते फेब्रुवारी फुटबॉलच फुटबॉल. सामने मुख्यतः रविवारी, म्हणून सोमवारची सकाळ महत्त्वाची. सोमवारी रात्रीचा सामना ईएसपीएनवरच असतो, त्यामुळे मंगळवारीही तोच विषय. बास्केटबॉल आणि आइस हॉकी ऑक्टोबर ते जून. बेसबॉल मार्चअखेर ते ऑक्टोबर, कधी नोव्हेंबर लागतो.

मार्च मात्र वेगळा, आणि कनेक्टिकटमध्ये तर फारच वेगळा. कॉलेज बास्केटबॉलची ६८ संघांची स्पर्धा असते, हरला तो घरी. इथलं सरकारी विद्यापीठ यूकॉन हे या खेळातलं बडं घराणं. मुलांनी सहा वेळा जेतेपद मिळवलंय, त्यात २०२३ आणि २०२४ लागोपाठ. मुलींनी २०२५ पर्यंत बारा वेळा, सगळी प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्या हाताखाली, आणि ते १९८५ पासून तिथेच आहेत. २००४ आणि २०१४ मध्ये तर मुलं-मुली दोघंही एकाच वर्षी जिंकले. ऑफिसात सगळे ब्रॅकेट भरतात, म्हणजे प्रत्येक सामन्यात कोण जिंकणार ते आधीच लिहून द्यायचं. स्पर्धेचा तक्ता रविवारी संध्याकाळी जाहीर होतो आणि गुरुवारी दुपारपर्यंत भरून द्यायचा. तेवढे चार दिवस स्पोर्ट्ससेंटर नेटाने बघा, कोणत्या छोट्या कॉलेजाबद्दल कौतुकाने बोलतायत ते टिपा, आणि दोन-तीन ठिकाणी त्यांना जिंकवा. यूकॉनला पहिल्या फेरीत हरवायचा आगाऊपणा करू नका. जमलं तरी लोक लक्षात ठेवतात.

संघ निवडा, पण सावकाश

कनेक्टिकट मधोमध चिरलेलं राज्य आहे. न्यूयॉर्ककडच्या बाजूला बेसबॉलचे यांकीज आणि फुटबॉलचे जायंट्स, बॉस्टनकडच्या बाजूला बेसबॉलचे रेड सॉक्स आणि फुटबॉलचे पेट्रियट्स. हार्टफर्ड सीमेवर, त्यामुळे एकाच टीममध्ये दोन्ही सापडतात. तुमची मॅनेजर कुठली आहे ते आधी बघा. तिच्या संघाचे व्हा असं मी म्हणत नाही, पण २००४ चा विषय कुणासमोर काढायचा ते कळलेलं बरं. त्या वर्षी यांकीज ३-० ने पुढे असताना रेड सॉक्सनी सलग चार सामने जिंकले आणि मग ८६ वर्षांनी जेतेपद आणलं. यांकीजवाल्यांना ते अजून दुखतं.

हिरव्या-निळ्या टोप्यांवर देवमाशाची शेपटी दिसेल. तो व्हेलर्स संघ. १९९७ मध्येच नॉर्थ कॅरोलायनाला गेला, तरी हार्टफर्ड टोप्या घालतंच आहे. त्याबद्दल विचारलंत तर जुनी माणसं अर्धा तास बोलतील, तुम्हाला फक्त मान हलवायची आहे. खरं तर सगळ्या संभाषणाचं तंत्र हेच. मतं ठोकू नका, प्रश्न विचारा. "तो चौथ्या प्रयत्नाला का खेळला?" किंवा "पिचर आधीच बदलायला नको होता का?" एवढं पुरतं. बोलताना 'मॅच' न म्हणता 'गेम' म्हणा आणि ५-० ला 'फाइव्ह नथिंग'.

आपल्याकडची गोष्टही सांगता येते, वेळ आली की. २०२४ च्या जूनमध्ये टेक्ससात टी-२० विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर, आपला मुंबईचा, ओरॅकलमध्ये इंजिनिअर. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला त्याने कोहलीला पहिल्याच बॉलवर आणि रोहितला तीन रनांवर काढलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्या टीममधल्या अमेरिकनांनी मला प्रश्न विचारले. सुपर ओव्हर म्हणजे एक्स्ट्रा इनिंग, पण सहाच बॉलची, इतकं सांगितल्यावर त्यांना पुढचं सगळं समजलं.

काय सोडून द्यायचं

टेबलाभोवती बसून चौघंजण एकमेकांवर ओरडतायत असं दिसलं तर ते स्पोर्ट्ससेंटर नव्हे, वादविवादाचा कार्यक्रम आहे. बंद करा. तेच वाद, फक्त खेळाडूंची नावं बदलतात. स्पोर्ट्ससेंटरमध्येही हल्ली हायलाइट कमी आणि गप्पा जास्त झाल्यात, कारण फोनवर लोकांनी क्लिप आधीच बघितलेली असते. तरी सामन्यातला कोणता क्षण का महत्त्वाचा होता हे फोन सांगत नाही, त्यासाठी पहिली दहा मिनिटं आणि शेवटचं टॉप टेन धरा. मधलं कोण कुठल्या संघात जाणार, कुणाचं कंत्राट किती कोटी डॉलरचं, हे कानावरून जाऊ द्या.

जखमींची यादी मात्र वाचा. 'आउट' म्हणजे खेळणार नाही, 'डाउटफुल' म्हणजे जवळपास नाहीच, 'क्वेश्चनेबल' म्हणजे सांगता येत नाही. ऑफिसातली फँटसी लीग, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ करून, खेळणारी माणसं शुक्रवारी याच शब्दांवर जगतात. त्या लीगमध्ये पहिल्या वर्षी शिरू नका, पुढच्या वर्षी बोलावतीलच.

पट्टीवर '-३.५' सारखे आकडे दिसतात, ते सट्ट्याचे. ज्या संघापुढे उणे, तो जिंकेल असा बाजाराचा अंदाज, आणि त्याने निदान चारने जिंकलं तरच पैसे लावणाऱ्याला मिळणार. तगडा संघ कोणता हे ओळखायला आकडा उपयोगी आहे. कनेक्टिकटमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून फोनवरून पैसे लावणं कायदेशीर झालंय, आणि जाहिराती सारख्या येत राहतात. मी तरुण मुलांना एकच सांगते, ते अ‍ॅप उतरवूच नका.

जुलैच्या मध्याला बेसबॉलचा ऑल-स्टार सामना असतो. त्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी या चारही मोठ्या लीगपैकी एकाचाही सामना नसतो. बातम्या मात्र ठरल्या वेळी लागतातच, आणि अँकर बिचारे कुणाचा गुडघा कसा आहे यावर वेळ काढतात. ते दोन दिवस सुट्टी घ्या. ऑगस्टमध्ये लिटल लीगची दहा ते बारा वर्षांची मुलं पेन्सिल्व्हेनियात खेळतात, ते मात्र घरच्या पोरांना घेऊन बघा, कारण मैदान छोटं, समालोचक सगळं सोपं करून सांगतात, आणि शाळा सुरू झाल्यावर मुलांकडेही वर्गात बोलायला काहीतरी असतं.